एका डब्यात घर रंगत नाही: प्लास्टिक पेंट कुठे धरतो, कुठे सोडतो

पितृपक्ष संपत आला की जालना असो नाहीतर उदगीर, हार्डवेअरच्या दुकानांसमोर रंगाच्या डब्यांचे मनोरे लागतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात नव्या नावांची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रासिमने 'बिर्ला ओपस' बाजारात आणला, २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू पेंट्सने ड्युलक्सवाली अ‍ॅक्झो नोबेल इंडिया घेण्याचा करार जाहीर केला. एशियन, बर्जर, नेरोलॅक आधीपासून आहेतच. त्यात मोबाइलवर रील सुरू असतात. कुणी न्हाणीघराच्या टाइलवर रोलर फिरवतो, कुणी गंजक्या गेटवर, कुणी जुन्या दारावर. सगळीकडे तोच डबा आणि शेवटी चकाचक फोटो. सहा महिन्यांनी त्या टाइलचं काय झालं, हे मात्र कुणी दाखवत नाही.

रंगाचे पोपडे सुटले की आपण आधी कंपनीला शिव्या घालतो, मग पेंटरला. पेंटरचा थोडाफार वाटा असतो, पण बहुतेक वेळा खरं कारण रंगाच्या मागे दडलेलं असतं. रंग कशावर बसला आणि त्या वस्तूच्या आत काय चाललं होतं, यावर सगळं ठरतं. डब्याची किंमत त्यानंतर बघायची गोष्ट आहे.

## डब्यात असतं काय?

परदेशी व्हिडिओंमध्ये ज्याला 'लेटेक्स पेंट' म्हणतात, तो आपल्या दुकानात 'इमल्शन' किंवा 'प्लास्टिक पेंट' म्हणून मिळतो. नावावरून वाटतं तसं त्यात झाडाचं रबर नसतं. त्यात चार गोष्टी असतात: पाणी, रंगद्रव्य, भुकटी आणि प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पांढरेपणा मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो आणि डब्यातला महागडा घटकही तोच. भुकटी म्हणजे खडू, टाल्क, चिनी माती असलं स्वस्त भरण. प्लास्टिकचे कण अ‍ॅक्रिलिक किंवा तशाच जातीचे असतात आणि आकाराने साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. रंगाला धरून ठेवण्याचं काम या कणांचं. स्वस्त इमल्शनमध्ये हे कण कमी आणि भुकटी जास्त असते. म्हणून त्यावर ओला फडका फिरवला की फडक्याला रंग येतो.

ऑइल पेंट म्हणजे इनॅमल, त्याची गोष्ट वेगळी. तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होतो आणि पातळ करायला टर्पेंटाइन लागतं. डिस्टेंपर हा चुना आणि इमल्शन यांच्या मधला स्वस्त गडी. या लेखात यापुढे 'इमल्शन' हाच शब्द वापरतो.

## रंग वाळतो म्हणजे काय होतं?

उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालतात, त्या डोळ्यांसमोर आणा. पळीतून पडतात तेव्हा फुगलेले दाणे पातळ पेजेत सुटे तरंगत असतात. पाणी उडतं तसे दाणे जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या कडा मिसळतात आणि संध्याकाळपर्यंत सलग चकती होते. इमल्शन भिंतीवर हेच करतं. पाणी गेलं की प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून एक पातळ पडदा तयार होतो. दोन हात मिळूनही हा पडदा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकासुद्धा जाड नसतो.

आता या पापड्या कशावर घातल्या ते बघा. प्लास्टिकच्या कागदावर घातल्या तर वाळल्यावर त्या आपोआप सुटून येतात, कारण गुळगुळीत कागदात त्यांना पकड मिळत नाही. जुन्या लुगड्यावर घातल्या तर धाग्यांत घट्ट रुततात. मग आजी काय करायची? लुगडं उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायची, की पापडी अलगद सुटायची.

इमल्शनचा सगळा शहाणपणा यातच आहे. वस्तू कुठलीही असो, तिला दोन प्रश्न विचारायचे. हिच्यात रुतायला जागा आहे का? आणि हिच्या मागून पाणी येतंय का?

## नवा गिलावा: मुहूर्त आणि भिंत यांचं जमत नाही

सिमेंटचा खरखरीत गिलावा म्हणजे रुतायला उत्तम जागा. पहिल्या प्रश्नात तो पैकीच्या पैकी गुण घेतो, पण ताजा असताना दुसऱ्या प्रश्नात नापास होतो. त्याच्या पोटात भरपूर पाणी असतं, शिवाय तो जहाल अल्कधर्मी असतो. साध्या पाण्याचा सामू ७, तर ताज्या सिमेंटचा १२ ते १३. अशा भिंतीवर ऑइल पेंट लावला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि भिंत चिकट होऊन रंग सुटतो. अ‍ॅक्रिलिक इमल्शन हा मारा बऱ्यापैकी सोसतं, म्हणून भिंतीला तेच योग्य. पण आतलं पाणी बाहेर पडायला बघत असताना वर पडदा ओढला, तर फोड येणारच.

म्हणून गिलावा झाल्यावर किमान २८ दिवस थांबावं आणि मधे पाऊस असेल तर त्याहून बरंच जास्त. आपल्याकडे होतं उलटं. वास्तुशांतीची तारीख आधी ठरते, पत्रिका छापल्या जातात आणि गिलाव्यावर मारलेलं पाणी सुकायच्या आत पेंटर घरात येतो. तारीख हलत नसेल तर नुसता पाण्यात कालवायचा सिमेंट प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारून कार्यक्रम उरका. पुट्टी आणि इमल्शन पुढच्या उन्हाळ्यात करा. 'तोवर चुना मारू' असं मात्र करू नका. तो पुढे पूर्ण खरवडावा लागतो.

भिंत वाळली की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस-रात्र ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल, तर पेंटरला फोन करून पुढची तारीख द्या.

पुट्टी, म्हणजे आपले पेंटर ज्याला 'लांबी' म्हणतात ती, भिंत सपाट करायला असते. भिंत बांधायला नसते. दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या आत. मिस्त्रीने वाकडा सोडलेला गिलावा पुट्टीच्या जाड थराने सरळ करायला गेलं, की पुट्टीच पापुद्र्यासारखी सुटते आणि वरचा महागडा रंग तिच्याबरोबर खाली येतो.

## लोणा: मराठवाड्याचं खरं दुखणं

पावसाळा सरता सरता बघा. जोत्यापासून कमरेपर्यंत रंगाला फोड येतात. एखादा फोड नखाने उचकटला तर आतून पिठासारखी पांढरी भुकटी सांडते आणि जिभेला लावली तर खारट लागते. हा लोणा. हा रंगाचा रोग नाही, भिंतीचा आहे.

वीट, गिलावा, दगडांमधली दर्ज या सगळ्यांत केसाहून बारीक नळ्या असतात. जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. आपल्याकडे क्षारांना तोटा नाही. बोअरचं पाणी जड असतं आणि त्याच पाण्यात गिलावा कालवतात, त्याच पाण्याने भिंत भिजवतात. काळी माती पाणी धरून ठेवते, ते वेगळंच. पाणी भिंतीच्या तोंडाशी आल्यावर उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढायला लागले की रंग, पुट्टी आणि पुढे गिलाव्यालाही ढकलून बाहेर काढतात. लुगड्याच्या मागून पाण्याचा हात फिरवावा, तसा प्रकार रोज चाललेला असतो.

अशा वेळी पेंटरचं ठरलेलं वाक्य असतं: "मालक, पाणी खालून सुटायलंय, म्या काय करू?" आणि तो खरं बोलत असतो. त्यावर घरमालकाचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी भारी, आणखी घट्ट रंग. किंवा भिंतीला तीन फूट टाइल. टाइल लावल्यावर ओल नाहीशी होत नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली की ती टाइलच्या वर चढते आणि पुढच्या वर्षी फोड छातीच्या उंचीवर दिसतात.

करायचं काय? आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. भिंतीला लागून हौद आहे का, सांडपाण्याची मोरी फुटली आहे का, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का, तुळशीचं आणि कुंड्यांचं पाणी भिंतीत मुरतं का, हे बघा. अंगणाचा उतार घराकडे असेल तर तो उलटा करणं हे कुठल्याही रंगापेक्षा गुणकारी. मग सुटलेला गिलावा पक्क्या भागापर्यंत काढायचा आणि लोण्याची भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची. धुवायची नाही, कारण धुतल्याने क्षार विरघळून परत आत जातात. नवा गिलावा शक्य तो गोड्या पाण्यात करायचा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. तरीही ओल पूर्ण थांबणार नसेल, तर खालच्या पट्ट्याला इमल्शन न देता चुना द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी दिवाळीला एक हात मारायचा. दिसायला साधं, पण भिंत वाचते. नवं घर बांधणाऱ्यांनी जोत्यावर ओलरोधक थर, म्हणजे गवंडी ज्याला डीपीसी म्हणतो तो, स्वतः उभं राहून घालून घ्यावा. तिथे वाचवलेले पैसे पुढे वर्षानुवर्षं रंगाच्या दुकानात जातात.

काळ्या मातीचा दुसरा त्रास म्हणजे भेगा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. मे महिन्यात बोट जाईल अशी भेग सप्टेंबरमध्ये जवळपास मिटलेली दिसते. तिच्यात पुट्टी भरली की वर्षभरात ती पुन्हा उलते. लवचीक अ‍ॅक्रिलिक भरण थोडं टिकतं. बाहेरून लावायचे ताणले जाणारे रंग केसाएवढ्या भेगेवर चालतात. त्याहून मोठ्या भेगेला इंजिनिअरला दाखवावं.

## चुन्याची भिंत, पांढऱ्या मातीचं घर आणि अजिंठा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात दगड-मातीच्या जाड भिंतींची जागा सिमेंटने घेतली. तरी मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत अजून पुढे स्लॅबची खोली आणि मागे मातीच्या धाब्याचं माळवद अशी जोडघरं आहेत. पुढची खोली रंगवून उरलेला डबा मागच्या भिंतींना लावायचा मोह होतो. तो आवरा.

पिढ्यान्‌पिढ्या चुना मारलेल्या भिंतीवर हात फिरवा. तळवा पांढरा झाला, तर वरचा थर सुटा आहे. इमल्शन त्या सुट्या भुकटीला घट्ट धरेल, पण भुकटीच भिंतीला धरून नसेल तर दोघं मिळून खाली येतील. अशी भिंत पत्रीने, म्हणजे पेंटरच्या लोखंडी पात्याने, पक्क्या थरापर्यंत खरवडून, झाडून, ओल्या फडक्याने पुसून, मग भुकटी बांधून ठेवणारा प्रायमर देऊन रंगवता येते. अर्थात खालची भिंत सिमेंटची किंवा पक्क्या विटांची असेल तरच.

पांढऱ्या मातीच्या भिंतीला इमल्शन नकोच. ती भिंत पावसाळ्यात ओलावा घेते आणि हिवाळा-उन्हाळ्यात सोडते. वर प्लास्टिकचा पडदा आला की आत शिरलेलं पाणी कोंडतं, माती भुसभुशीत होते आणि रंग मातीचा थर घेऊनच सुटतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, तरी सच्छिद्र राहतो. म्हणून माती आणि चुना यांचं शेकडो वर्षं पटलं.

हे अजिंठ्यानेही दाखवून दिलं आहे. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर पाण्यात डिंकासारख्या बांधकाने कालवलेले रंग. १९२० च्या दशकात निजाम सरकारने चित्रं जपण्यासाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले आणि त्यांनी काही ठिकाणी लाखेच्या रोगणाचा थर दिला. हेतू चांगलाच होता. पण तो थर पुढे पिवळा पडला, आकसला आणि चित्राच्या खपल्या ओढायला लागला. नंतर पुरातत्त्व खात्याला तो काळजीपूर्वक उतरवत बसावं लागलं. मातीवर घट्ट थर देण्याचा विचार आला की मला हे आठवतं.

"मग शेणाचा रंग निघालाय तो?" खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये 'खादी प्राकृतिक पेंट' आणला. तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत येतो. त्यात शेण आहे म्हणून तो सारवणाची जागा घेईल, असं धरून चालू नये. इमल्शनच्या प्रकाराला वरचे दोन्ही प्रश्न तसेच लागू होतात.

चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत हा आणखी एक पेच. काजळी तेलकट असते आणि तेलावर पाण्याचा रंग धरत नाही. धरला तरी चार दिवसांत पिवळट-तपकिरी डाग वर येतात, कितीही हात मारा. धुण्याच्या सोड्याने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, त्या भागापुरता तेलाचा प्रायमर द्यायचा. त्यावर इमल्शन चालतं.

## दारं-खिडक्या

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. इमल्शनचा पडदा लवचीक असल्याने ही हालचाल तो चांगली सोसतो. मग दाराला इमल्शन का लावत नाहीत? कारण तो पडदा उन्हात किंचित मऊ पडतो. दार चौकटीला टेकतं, दुपारभर बंद राहतं, रंगाला रंग चिकटतो आणि संध्याकाळी उघडताना टरकन सोलून येतो. उंबऱ्याचं तर बोलायलाच नको. रोजची हळद इमल्शनमध्ये बसली की सहज निघत नाही. दाराला इनॅमलच बरं. वास नको असेल तर पाण्यात पातळ होणारे इनॅमलही आता मिळतात.

जुन्या रंगावर नवा मारायचा असेल तर आधी खाली काय आहे ते ओळखा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घासा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर पाण्याचा, नाही लागला तर तेलाचा. तेलाच्या चकचकीत रंगावर पाण्याचा रंग थेट लावणं म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर पापडी घालणं. पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, पुसा, प्रायमर द्या.

घासण्याबाबत एक गंभीर गोष्ट. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं दार कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, चिखल गोळा करून टाका आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा.

## लोखंडाला नको, पण पत्र्याला हवं

उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग लावला तर वाळायच्या आतच गंजाचे नारिंगी ठिपके वर येतात. ग्रिल, गेट, खिडक्यांचे गज यांना गंज घासून, रेड ऑक्साइडचा प्रायमर देऊन, वर इनॅमल. जुनी पद्धत आणि बरोबर पद्धत.

जस्ताच्या पत्र्याचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं, मात्र बरोबर उलटं आहे आणि हे दुकानदारांनाही फार माहीत नसतं. सवयीने ते ऑइल पेंटच देतात. त्या रंगातलं तेल जस्ताशी हळूहळू झगडतं, मधे साबणाचा थर तयार होतो आणि रंगाचे सबंध तुकडे वाऱ्यावर उडायला लागतात. जस्ती पत्र्यावर अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतं. फक्त नवा पत्रा तेलकट आणि गुळगुळीत असतो. तो साबणाने धुऊन, जस्तावर चालणारा प्रायमर देऊन रंगवायचा. गंज फुटलेल्या जागांना आधी लोखंडाचा नियम.

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीचं काय होतं ते सांगायला नको. वरून पांढरा, ऊन परतवणारा अ‍ॅक्रिलिक थर दिला तर आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी 'कूल रूफ' धोरणच आणलं. खोलीतला उरलेला पांढरा इमल्शन मात्र वर लावू नका. तो ऊन-पावसासाठी बनवलेला नसतो. शिवाय धूळ बसली की पांढऱ्याचा फायदा घटतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रा धुवावा लागतो.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तारेच्या ब्रशने घासू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. ओल्या फडक्याने हलके पुसा, तेवढंच.

## टाइल, फरशी, टाकी, पाइप

चकचकीत टाइलवर इमल्शन टिकत नाही, विषय संपला. खास एपॉक्सीचे रंग मिळतात, पण मोरीतल्या टाइलसाठी तो खर्च करण्यापेक्षा टाइल बदललेली परवडते. शहाबादी फरशी आणि पायऱ्यांवर चपलांच्या घर्षणाने रंग झिजतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीला जवळपास कुठलाच रंग चिकटत नाही, इतकं ते प्लास्टिक निसटतं. पण गच्चीवरच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपांना हलकं घासून फिकट रंगाचं इमल्शन जरूर लावा. उन्हाने पाइप ठिसूळ होतो, तो वाचतो. टर्पेंटाइनचे रंग मात्र पीव्हीसीला नकोत.

## "पण डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय!"

लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. बाहेरून भिंतीवर आपटणारा पाऊस चांगलं बाहेरचं इमल्शन अडवतं. खालून चढणारं, फुटक्या नळातून झिरपणारं, गच्चीवर साचून स्लॅबमध्ये मुरणारं पाणी आतल्या बाजूने दिलेला रंग अडवू शकत नाही. गळक्या छताला खालून रंग दिला तर गळती दिसायला उशीर होतो, एवढंच. तोवर आतली सळई गंजत राहते.

## "पेंटर म्हणतो प्रायमर नको, रंगच दोन हात मारू"

नवी पुट्टी, पीओपी किंवा गिलावा स्पंजसारखं पाणी पितो. रंगातलं पाणी झटकन शोषलं गेलं, तर प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळायच्या आधीच अडकून बसतात आणि पडदा कच्चा राहतो. प्रायमर ही तहान आधी भागवतो. तो रंगापेक्षा स्वस्तही असतो, म्हणजे प्रायमर टाळून पैसे वाचत नाहीत, कामाचा एक दिवस वाचतो. जुना पाण्याचाच रंग धड असेल, हाताला लागत नसेल, तर प्रायमर नसला तरी चालतं. तिथे पेंटरचं खरं आहे.

पाणी किती मिसळायचं यावरही नजर ठेवा. हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली. भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता साधारण ३८०. सपाट भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट धरले, तर तीन लिटर लागतात. पेंटरने दीड लिटरमध्ये 'बसवून दाखवलं' तर कौतुक करू नका, बाकीचं बोअरचं पाणी आहे. उलट पाणी न घालता घट्ट फासला तरी पट्टे उमटतात. डब्यावरचं प्रमाण वाचा आणि मचूळ पाण्याऐवजी पिण्याचं पाणी द्या. एखादा ब्रँड घ्यायचा आग्रह फारच झाला, तर डब्यात पेंटरसाठी ठेवलेलं टोकन कुणाच्या खिशात जातं तेही आठवा. त्यात गैर काही नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं.

## "वास येत नाही, म्हणजे निर्धोक?"

टर्पेंटाइनच्या रंगापेक्षा नक्कीच बरा. पण कण नीट मिसळावेत म्हणून आणि रंग नासू नये म्हणून त्यात थोडी रसायनं असतातच आणि ती काही दिवस हवेत येत राहतात. खिडक्या उघड्या ठेवा. बाळंतिणीची खोली किंवा दमेकऱ्याची खोली रंगवून त्याच रात्री वापरात घेऊ नका.

## कधी रंगवायचं?

मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, चटका बसतो. तिथे मारलेलं इमल्शन ब्रश उचलायच्या आत वाळतं आणि जोड दिसतात. सावली जिकडे सरकेल तिकडे काम सरकवायचं. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. भर पावसात वाळायला वेळ लागतो आणि बाहेरच्या भिंतीवरून रंग वाहून जातो. दसऱ्याच्या गर्दीपेक्षा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. भिंती पावसाळ्याची ओल टाकून बसलेल्या असतात, ऊन कोवळं असतं आणि पेंटर मोकळे असतात. दोन हातांमध्ये चार-सहा तास जाऊ द्या. हाताला कोरडा लागला तरी पडदा पुरता पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर भिंत घासून धुऊ नका, कपाटही टेकवू नका.

## उरलेल्या रंगाचं काय?

पाणी घातलेला रंग लवकर आंबतो आणि कुजकट वास मारतो, तो ठेवू नका. पाणी न घातलेला डबा झाकण ठोकून सावलीत ठेवला तर बराच काळ चांगला राहतो. झाकणावर शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि महिना खडूने नाही, मार्करने लिहा. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीपाशी किंवा बोअरच्या तोंडाशी ओतू नका. टाकायचा रंग कोरड्या मातीत कालवून, वाळवून कचऱ्यात द्या. पुढे कधी कपाटाच्या कोपऱ्याने भिंतीला ओरखडा पडला तर त्याच डब्यातला रंग त्याच जातीच्या रोलरने लावा. रोलरने केलेल्या भिंतीवर ब्रशचा ठिगळ शेड तोच असला तरी दुरून दिसतो.